जुनी बोर्दो आणि चार चुकीचे सल्ले

जुन्या रेड वाइनबद्दलचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वाइन जितकी जुनी तितकी चांगली. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशाचं १९८२ साल बाटलीवर दिसलं की डोळे झाकून विकत घ्या. प्यायच्या दोन तास आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा. तळाशी गाळ असेल तर बाटली फेकून द्या. हे ऐकून कुणीतरी चाळीस वर्षं जपलेली बाटली वाया घालवेल, म्हणून लिहितोय.

आधी गाळ. द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणूनच सुरुवातीला जीभ आवळणारी वाइन पुढे मऊ होते, जांभळा रंग कडेला विटकरी दिसू लागतो. गाळ म्हणजे वाइन खराब झाली असं अजिबात नाही. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. ताकावरची निवळ काढताना हात जसा सांभाळतो तसं सावकाश ओता, गाळ मानेशी आला की थांबा.

पण हे ओतणं अगदी पिण्याच्या वेळी. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो हेच सांगायचे: गाळ असेल तरच ओता, तेही ऐनवेळी. मला ते पटलं बोर्दोतल्याच पोयाक गावच्या १९८२च्या एका बाटलीमुळे. बूच मधेच तुटलं. पहिला वास बंद तळघराचा. दहाएक मिनिटांत तो गेला आणि देवदार, तंबाखूचं पान, नुकतीच तासलेली पेन्सिल असं एकेक वर येऊ लागलं. तोंडात टॅनिन जेमतेम जाणवत होतं, चव मात्र घोट उतरल्यावरही रेंगाळत होती. तासाभराने ग्लासात नुसता आंबटपणा उरला. दोन तास आधी ओतली असती तर तो देवदार आमच्या वाट्याला आलाच नसता.

१९८२ खरोखरच मोठं साल. उबदार हंगाम, पिकलेली आणि भरपूर द्राक्षं. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी पिंपातली वाइन चाखूनच ते उचलून धरलं. पण सालाची कीर्ती प्रत्येक बाटलीला लागू होत नाही. साध्या शातोंच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांच्या, त्या वर्षीच्या वाइन केव्हाच उतरणीला लागल्या. आणि १९७५ची गोष्ट तर उलटीच: टॅनिन इतकं कडक, की ते मऊ होईपर्यंत कित्येक बाटल्यांमधली फळाची चव सुकून गेली. नुसतं वय वाढून चव येत नाही. बोर्दोतली बरीचशी वाइन तर काही वर्षांतच प्यायची असते.

शिवाय ती ठेवली कुठे होती? बारा-तेरा अंशांच्या तळघरातली बाटली आणि नागपूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात राहिलेली बाटली, लेबल एकच असलं तरी वाइन एक राहत नाही. घेण्याआधी बाटली उजेडात धरा आणि पातळी बघा. मानेच्या बुडाशी असेल तर उत्तम. खांद्याच्या खाली उतरली असेल, तर साल कुठलंही असो, मी तिच्यासाठी पैसे मोजणार नाही.