एकोणतीस सत्ते

आमच्या घरात प्रत्येकाची ठाम समजूत आहे की आपण ज्या पद्धतीनं शिकलो, ती सोडून बाकी सगळ्या पद्धती म्हणजे थेरं. सध्या ईरा एकोणतीसचा पाढा पाठ करते आहे. खरं तर घरातले तिघं तो तिला शिकवताहेत आणि ती मधे सापडली आहे.

नाना परवच्यातले. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की मांडीवर ठेका धरून खड्या आवाजात सुरुवात : 'एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...' त्यांना पावकी, निमकी, दीडकी, इतकंच काय, साडेतीनची औटकीसुद्धा येते. ती आयुष्यात नेमकी कुठे लागली, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. ईरानं चाल झटक्यात उचलली. 'एकोणतीस चोक सोळोदरसे' असं ती इतकं ठसक्यात म्हणाली, की नानांना भरून आलं. वहीत मात्र तिनं १६०० लिहिलं.

"अगं, एकशे सोळा!"

"मग तसं म्हणा ना, नाना."

नाना पेपर तोंडापुढे धरून बसले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं होतं, तेव्हाही ते असेच बसले होते.

माधवीला कुठलीही गोष्ट डोळ्यांपुढे लागते. तिनं रंगीत पेनांनी तक्ते केले आणि फ्रिजवर, बेसिनच्या आरशावर, दाराच्या मागे चिकटवले. एककाचे आकडे नऊपासून शून्यापर्यंत उतरत जातात आणि डावीकडचे दोन, पाच, आठ, अकरा असे तिना-तिनानं चढत जातात, हे तिनंच शोधून काढलं. सुंदर आहे, नाकारत नाही. पण हात धुवायला गेलेला पाहुणा आता लवकर बाहेर येत नाही.

माझं म्हणाल तर, मला पाठांतराचं वावडं. तीसचा पाढा म्हणायचा आणि जितकी पट, तितके वजा करायचे, संपलं. ईरानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग दूधवाल्याच्या हिशेबाला मोबाइल का काढतोस, बाबा?" शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याची परीक्षा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशात शाळेतून एक फॉर्म आला : आपलं मूल बघून शिकतं, ऐकून, वाचून-लिहून की करून? ही न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची वर्गवारी. उत्तर आलं, 'करून'. झालं, ईराचा मामा तिला जिन्यावर घेऊन गेला. दर पायरीला उडी आणि एक आकडा. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, तेव्हा दोघं सत्याऐंशीवर होते.

मग मी जरा शोधाशोध केली. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन तपासलं. आवडी वेगवेगळ्या असतात, पण आवडीप्रमाणे शिकवल्यानं मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात, नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. हे सगळं मी रात्री जेवताना घरच्यांना समजावून सांगितलं.

"कळलं नाही," माधवी म्हणाली. "तक्ता करून दाखव."

"पुटपुटू नकोस, मोठ्यानं म्हण," नाना म्हणाले.

आठवून सांगण्याची कल्पना ईराला मात्र फार आवडली. तिनं लगेच आमच्यावरच प्रयोग केला. "बोला, एकोणतीस सत्ते?"

नानांचे ओठ हलायला लागले. ते 'एके'पासून निघाले होते, मधल्या स्टेशनावर चढायची त्यांना सवय नाही. माधवीनं फ्रिजकडे मान वळवली, पण ईरा तक्त्यासमोर पाठ लावून उभी होती. मी दोनशे दहापर्यंत पोहोचलो होतो, फक्त वजाबाकी राहिली होती.

"दोनशे तीन!" भिंतीपलीकडून आवाज आला.

शेजारच्या वहिनींचा मुलगा. त्याला ना कुणी तक्ता दिला होता, ना फॉर्म. दुसऱ्या दिवशी वहिनी दारात आल्या, तेव्हा आवाजाची तक्रार असणार म्हणून मी नानांना पुढे केलं. तक्रारच होती. सोमवारपासून औटकी सुरू होणार असं त्यांच्या कानावर आलं होतं, तर परवचा अर्धा तास अलीकडे घेता येईल का? सातला त्याचा कराटेचा क्लास असतो.