ठिकाण लपवून वाचत नाही

पावसाळा सुरू झाला की आमच्या जुन्या ट्रेकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच भांडण दरवर्षी नव्याने पेटतं. कुणीतरी धबधब्याचा फोटो टाकतं, दुसरा विचारतो, "कुठे रे हे?" आणि तिसरा लगेच हात जोडून हजर, "प्लीज, नाव टाकू नका. त्या देवकुंड धबधब्याचं गर्दीने काय झालं बघितलंत ना?" मग दोन तट पडतात. एक म्हणतो, रीलवाल्यांनी सह्याद्रीची वाट लावली, चांगल्या जागा आपसातच राहू द्या. दुसरा म्हणतो, सह्याद्री काय बापजाद्यांनी तुमच्या नावावर लिहून ठेवलाय का?

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो आणि या भांडणात दुसऱ्या तटात आहे. इतक्या लांबून बोलायला काय जातं, हा टोमणा मान्य. आकडेही माझ्या बाजूने नाहीत. अख्ख्या ओहायोची लोकसंख्या सव्वा कोटीसुद्धा नाही, आणि महाराष्ट्र २०११च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींच्या घरात होता. चौरस किलोमीटरमागे आपल्याकडे इथल्या तिप्पट-चौपट माणसं. त्यामुळे 'अमेरिकेत बघा कशी शिस्त' ही रेकॉर्ड मी लावणार नाही. इथली माणसंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत, ते पुढे येईलच.

ओहायो बघायला म्हणून कुणी येत नाही. नातेवाईक आले की त्यांना न्यूयॉर्क हवं असतं, नायगारा हवा असतो, आमचं घर म्हणजे मधला मुक्काम. पण बहुधा त्यामुळेच इथल्या लहान-लहान गावांनाही आपल्याकडे जे काही आहे ते दाखवायची भारी हौस. कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये, जिथे आता निम्मी ओळखीची मंडळी राहतात, एका मैदानात काँक्रीटची १०९ मक्याची कणसं ओळीने उभी आहेत, पुरुषभर उंचीची. संकरित मक्याच्या बियाण्यावर काम करणाऱ्या एका शेतकऱ्याचं ते शेत होतं, म्हणून १९९४ मध्ये हे उभं केलं. ओहायोतल्याच न्यूअर्क गावात एका टोपल्यांच्या कंपनीने आपलं सात मजली ऑफिसच टोपलीच्या आकाराचं बांधलं, वर दोन कड्यांसकट. वेडेपणा आहे, पण हायवे सोडून बघायला जावंसं वाटतं हेही खरं.

मला जास्त भावलं ते केलीज आयलंड. लेक एरीतलं हे बेट, मार्बलहेडहून फेरीने जायचं. तिथे हिमयुगातल्या बर्फाने चुनखडीत कोरलेल्या खोल पन्हळी आहेत, चारशे फूट लांब आणि पस्तीस फूट रुंद. भोवती कुंपण, कडेने चालायला वाट, पायऱ्या. कठड्यावरून वाकून बघितलं की दगड असा गुळगुळीत, वळणं घेत गेलेला दिसतो की हे काम बर्फाचं आहे यावर विश्वास बसत नाही. मध्येच जुन्या समुद्रातल्या प्रवाळांचे जीवाश्म. आत जायला तिकीट नाही. आणि पाटीवर सरळ लिहिलेलं की बेटावर याहून मोठ्या पन्हळी होत्या, त्या दगडाच्या खाणींनी खाल्ल्या.

ती पाटी वाचताना मला रत्नागिरीचा सडा, म्हणजे तिथलं उघडं कातळाचं पठार, आठवला. कोकणात कातळशिल्पांची नोंद आता हजाराच्या वर गेली आहे. हत्ती, मासे, माणसं, कशाच्या आहेत ते न कळणाऱ्या चौकटी, हजारो वर्षांपूर्वी उघड्या जांभ्या दगडावर कोरलेल्या. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. आता सांगा, यांच्या जिवावर कोण उठलं होतं? रीलवाले? तिथे पोचायला रीलवाल्यांना फार उशीर झाला. त्याआधीच बांधकामाचा जांभा दगड कापणाऱ्या चिरेखाणी आल्या, रस्ते आले, बागा आल्या. जे चित्र कुणाला माहीतच नाही, ते चिरे कापताना गेलं तरी ओरडणार कोण? बारसूला २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा कातळशिल्पांचा मुद्दा पुढे आला, कारण तोवर ती नोंदवली गेली होती आणि लोकांना नावानिशी माहीत झाली होती. वाचवायच्या जागेचं नाव आधी लोकांच्या तोंडी असावं लागतं.

आता इथल्या माणसांचं. न्यूअर्कलाच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मूळ रहिवाशांनी मातीचे प्रचंड बांध घालून एक अष्टकोन आणि वर्तुळ रचलं. चंद्राच्या उगवण्याची जागा साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात सरकत जाते, तिच्याशी त्याचा अक्ष जुळतो. आणि अमेरिकेने या जागेचं केलं काय? शंभराहून अधिक वर्षं तिथे गोल्फ खेळले. जागा क्लबला भाड्याने दिलेली, बाकीच्यांना वर्षातून मोजून चार दिवस पूर्ण प्रवेश. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं, तरी अष्टकोन सगळ्यांसाठी उघडायला १ जानेवारी २०२५ उजाडलं. 'आपसातच ठेवा' हे धोरण शेवटपर्यंत नेलं की असं दिसतं.

गर्दीचा आणि जिवाचा प्रश्न मात्र खोटा नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी १५ जूनला पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, चौघं गेले. पूल धोकादायक म्हणून आधीच जाहीर झालेला. अशा घटनेनंतर काय होतं ते आपल्याला पाठ आहे: कलेक्टरचा आदेश, धबधब्यांवर बंदी, नाक्यावर पोलीस, दंडाच्या पावत्या. मुदत सरली की आदेश संपतो आणि पुढच्या जूनमध्ये तोच रस्ता, तोच शेवाळलेला खडक, कठडा नाहीच.

ओहायोतल्या हॉकिंग हिल्समध्येही कड्यांवरून पडून माणसं मरतात. २०१९ मध्ये तर दोन अल्पवयीन पोरांनी कड्यावरून लाकडाचा ओंडका ढकलला आणि खाली फोटो काढत असलेली बाई जागीच गेली. म्हणून डोंगर बंद झाले नाहीत. तिथल्या ओल्ड मॅन्स केव्हची वाट एकेरी केली आहे, म्हणजे अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर ढकलाढकली नाही. रेंजर आहे, नकाशा आहे, अंधार पडायच्या आत बाहेर या असा नियम आहे आणि, हे मी मुद्दाम सांगतो, संडास आहेत. आपल्याकडे बाईमाणसाने एखादं अनवट ठिकाण बघायचं ठरवलं तर अर्ध्या दिवसाचं नियोजन याच एका गोष्टीभोवती फिरतं. ट्रेकच्या ग्रुपवर यावर कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ग्रुपवर पुरुषच जास्त.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, कारभार भोवतालच्या गावांच्या समितीचा आहे. तिथे कुंपण घातलं, मग गुरं चरायची थांबली म्हणून फुलं कमी झाली असा वाद झाला, मग कुंपण काढलं. हेच मला आवडतं. चुकले, भांडले, बदललं. बंदीच्या आदेशाला अशी सुधारायची सोय नसते.

म्हणून माझी भावंडं डिसेंबरात 'काहीतरी वेगळं सांग' म्हणून विचारतात तेव्हा मी नावं देतो, बिनदिक्कत. पुण्याहून जात असाल तर साताऱ्याच्या अलीकडे लिंबला वळा आणि बारामोटेची विहीर बघा. वीरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकात बांधलेली, अष्टकोनी, आत चक्क छोटा महाल. कोल्हापूरकडे गेलात तर खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मान वर करून उभे राहा, छताला मधोमध गोल आभाळ आहे. मराठवाड्यात तेरला जा. तिथे विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे आणि सातवाहन काळातल्या वस्तूंचं संग्रहालय. शेवटी एकच काम सांगतो: परत आल्यावर ग्रामपंचायतीला दोन ओळींचं पत्र टाका, पाटी नव्हती, संडास नव्हता, कठडा मोडला होता. व्हॉट्सॲपवर नको, पत्रच. त्याला आवक क्रमांक पडतो.