केळीच्या सालीवरचे टाके

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर भलताच फिरतोय: ‘सर्जरी पाहून आणि बोलणी खाऊनच येते. स्किल लॅब म्हणजे पोरखेळ. आणि सरकारी दवाखान्यात शिकाऊ पोरं गरिबांवर हात साफ करतात.’ पेशंटऐवजी दुसऱ्या कशावर तरी सराव करायची लॅबही नको आणि पेशंटवरही नको, मग हात बसवायचा कुठे?

पाहून येत असती तर ऑपरेशन थिएटरच्या मावश्या कधीच सर्जन झाल्या असत्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, पडद्यावर खोली कळत नाही. हा उलटा हिशेब हातालाच शिकावा लागतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 16 रेसिडेंटांवर (सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांवर) झालेला, 2002 साली छापून आलेला अभ्यास बघा. सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली ऑपरेशनवर, सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून 29 टक्के कमी वेळात सोडवलं. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली.

लॅब महागडीच हवी असंही नाही. आमची लॅब म्हणजे जळगावची केळी. सुई तिच्या वळणानं न फिरवता सरळ ओढली की साल टर्रकन फाटते. गाठ जास्त आवळली तर दोरा सालीत रुततो. कातडीही तेच करते, फक्त ती ओरडते. पुढे मटणवाल्याकडून बोकडाची आतडी आणायची, जोडायची, पाणी भरून गळती बघायची. रक्तस्राव झाल्यावर डोकं शांत ठेवणं मात्र केळं शिकवत नाही, एवढं त्या मजकुराचं मान्य.

बोलणी? मी बोटांवर चिमट्याचा फटका खाल्लाय. हात सुधारला नाही, तोंड बंद झालं. पुढे एकदा मॉप (आत रक्त टिपायला घातलेलं कापड) कमी वाटला तरी मी गप्प राहिलो. सिस्टरनं मोजून थांबवलं म्हणून बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी प्रत्येकानं नाव आणि काम सांगायचं असतं, ते उगाच नाही. नाव सांगितलेला माणूस पुढे बोलतोही.

राहिला गरिबांवर हात साफ करण्याचा आरोप. एमएसची, म्हणजे सर्जन व्हायच्या शिक्षणाची, तीन वर्षं असतात. आधी नुसतं जखम उघडी ठेवायचं रिट्रॅक्टर धरून उभं राहणं, मग कातडीचे टाके, मग समोर सर असताना एकेक टप्पा. असं होत नसेल तिथे जरूर भांडा. पण पेशंटची भीती खरी असते, तिला उत्तर द्यावंच लागतं. साक्रीकडच्या एका आजीनं माझ्याकडे बोट करून सरांना विचारलं होतं, “हाऊ पोऱ्या माले कापी का?”

सर म्हणाले, “कापणार मी. वरचे टाके तो घालेल, आणि मी इथंच उभा असेन.”

आजीनं माझी बोटं निरखून पाहिली. “बारीक घाल बरं, भाऊ.”