नखावरचा पांढरा ठिपका आणि काकूंचा गोळ्यांचा डबा

संक्रांतीच्या आसपास आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. नखावर पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी. नखाच्या बुडाशी असते ती पांढुरकी चंद्रकोर दिसेनाशी झाली की रक्त आटलं. नखं जितकी कापाल तितकी जोरात वाढतात. मेल्यावरही ती वाढतच राहतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू तालुक्याहून कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा घेऊन आल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

आधी ठिपका. बैलाच्या शिंगावरचं कवच ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचं, त्याचंच आपलं नख. त्यात कॅल्शियम नावापुरतं असतं. नख तयार होतं बुडाशी, कातडीखालच्या मुळात. तिथं मार बसला की त्या वेळी घडणाऱ्या थरात खोट राहते आणि नख पुढे सरकलं की ती पांढरी दिसते. काकू दिवाळीपासून कापूस वेचतात. वाळल्या बोंडाची टोकं नेमकी नखाच्या बुडाशी बोचतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे आज नखाच्या मध्यावर आलेला ठिपका दिवाळीच्या वेचणीतला असणार.

पायाचं नख याच्या निम्म्यानं वाढतं. दोन वर्षांमागं आषाढात वखर उचलताना माझ्या अंगठ्यावर पडला, नख काळं झालं. तो डाग सरकत सरकत टोकाशी यायला दुसरा पोळा उजाडला. (काळा पट्टा पुढे सरकतच नसेल, मार लागल्याचंही आठवत नसेल, तर मात्र डॉक्टरला दाखवा.)

चंद्रकोर म्हणजे त्या मुळाचाच दिसणारा भाग. अंगठ्यावर मोठी दिसते, करंगळीवर बहुतेकदा कातडीखाली झाकलेली असते. तेवढ्यावरून रक्त मोजता येत नाही. लोह कमी पडलं की नख कधी कधी चमच्यासारखं खोलगट होतं, हे खरं. पण अशी शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

कापल्यानं नख जोरात वाढतं म्हणे! शेवयांच्या साच्यातून लोंबणारी शेवई खालून तोडली म्हणून साचा काही भरभर फिरत नाही. बाहेर आलेलं नख मेलेलं असतं, कापल्याची खबर मुळाला लागत नाही. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ पासून २०१८ पर्यंत डाव्या हाताची नखं कापली नाहीत. अंगठ्याचं नख १९७.८ सेंटीमीटर झालं. ६६ वर्षांनी भागा, वर्षाला ३ सेंटीमीटर येतात, महिन्याला अडीच मिलिमीटर. कापणाऱ्यांपेक्षा फार वेगळा हिशेब नाही. उलट विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरनं पस्तीस वर्षं स्वतःच्या अंगठ्याचं नख मोजलं, तर वयाबरोबर वेग कमी होत गेलेला दिसला.

मेल्यावरचं म्हणाल तर, कातडी सुकून मागे सरते आणि नख लांब झाल्यासारखं दिसतं, एवढंच. वाढायला नव्या पेशी लागतात, त्यांना रक्त लागतं.

काकूंना मी ठिपका दाखवून सांगितलं, होळीच्या सुमारास हा टोकाशी येईल, तेव्हा नखासकट कापून टाका. त्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "मंग ह्या गोळ्याईचं का करू आता?"