दातांचा विमा नेमका गरजेच्या वेळी हात वर करतो

विमा आपण कशासाठी काढतो? एकट्याच्याने न झेपणारा खर्च अंगावर आला तर कोणीतरी खांदा द्यावा म्हणून. किरकोळ खर्च माणूस खिशातून करतोच. दातांच्या विम्यात मात्र हे गणित उलटं मांडलेलं असतं, आणि सही करताना ते कोणी समजावून सांगत नाही. मला याची मनापासून चीड आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

अमेरिकेत दातांचा विमा चांगलाच रुळलाय, म्हणून तिथलंच उदाहरण घेते. तिथल्या बऱ्याच पॉलिसींचा साचा 100-80-50 असा असतो. तपासणी आणि दात साफ करण्याचे 100 टक्के, फिलिंगचे 80 टक्के, आणि कॅप, ब्रिज, कवळी अशा मोठ्या कामांचे फक्त 50 टक्के. म्हणजे खर्च जितका मोठा, तितका कंपनीचा वाटा लहान! त्यावर कंपनी वर्षाला जास्तीत जास्त किती देणार, याची मर्यादा. ती संपली की पुढचा सगळा खर्च तुमचा.

त्याच देशात 2010 च्या आरोग्य कायद्याने बहुतेक नव्या आरोग्य विम्यांत रुग्णाच्या खर्चाला वरची मर्यादा घातली. त्यापुढचं पॉलिसीत बसणारं बिल कंपनी भरते. एकाच माणसाचं एकच शरीर, पण गुडघ्याचा मर्यादेपुढचा खर्च कंपनी सोसणार आणि दाढेचा रुग्ण. प्रौढांच्या दातांना त्या कायद्याने अत्यावश्यक सेवांत धरलंच नाही.

ही फारकत जुनी आहे. 1840 मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज निघालं तेच वैद्यकीय कॉलेजपासून वेगळं. ब्रिटनमध्ये 1948 साली सगळे उपचार मोफत झाले, आणि 1951 मध्ये शुल्क लागलं ते कवळ्यांना आणि चष्म्यांना. अमेरिकेत 1965 साली वृद्धांसाठी मेडिकेअर आली, तिनेही दातांचे नेहमीचे उपचार बाहेर ठेवले. आणि हा काही मूठभर लोकांचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत.

आता डॉक्टरांकडून मिळणारा खर्चाचा कागद जरा नीट बघा. समजा, त्यावर 36 लिहिलंय. बऱ्याच देशांत चालणाऱ्या दोन आकडी पद्धतीत ही खालची डावी पहिली मोठी दाढ. दुखणं एकच, पण ओळी चार: एक्सरे, रूट कॅनाल, आतली बांधणी, वरची कॅप. तुम्ही विचारता, 'रूट कॅनाल पॉलिसीत बसतं का?' उत्तर येतं, 'हो, बसतं.' पण कॅप वेगळ्या गटात जाते, हे तुम्ही विचारलेलं नसतं. मग रूट कॅनाल होतं, ठणका थांबतो, पैसे संपलेले असतात आणि कॅप 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. कॅप नसलेली अशी दाढ चावताना तडकायची शक्यता बरीच असते. ती उभी चिरली तर बहुतेक वेळा काढावीच लागते, आणि आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून प्रत्येक ओळ कोणत्या गटात मोडते, किती टक्के मिळतील आणि या वर्षाची किती रक्कम शिल्लक आहे, हे खुर्चीत बसण्याआधी लेखी घ्या. बऱ्याच कंपन्या उपचाराआधी अंदाज देतात. ती हमी नसते, पण अंधारात उडी मारण्यापेक्षा कितीतरी बरं.

अपवादांची यादी तर आधी वाचा. पॉलिसी घेण्यापूर्वीच पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट किंवा ब्रिज करायचा, तर कित्येक पॉलिसी एक पैसाही देत नाहीत. मोठ्या कामांना अनेकदा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ त्यांचे पैसे मिळत नाहीत. कॅप बदलायची तर आधीची बसवून ठरावीक वर्षं झालेली असावी लागतात. मागच्या दाढेत दातांच्या रंगाचं फिलिंग केलं, तर काही कंपन्या चांदीच्या फिलिंगचाच दर धरतात आणि फरक तुमच्या माथी मारतात.

काम मोठं असेल आणि डॉक्टर म्हणाले की थांबलं तर चालेल, तर ते दोन पॉलिसी वर्षांत विभागून घेता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सूज, ताप, गिळायला त्रास असं काही असेल तर वर्ष-मर्यादा काही बघू नका, तडक जा. दाताचा पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेततं.

विमा नसेल, तर डेंटल कॉलेजांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो, खर्च बहुधा बराच कमी येतो. विमा घ्यायचाच असेल, तर वर्षाचा हप्ता आणि वर्षाची कमाल रक्कम शेजारी शेजारी लिहून बघा. कितीतरी पॉलिसी तिथेच गळतील.

माझी मागणी फार मोठी नाही. दात पांढरे करणं, केवळ दिसण्यासाठी केलेली कामं खुशाल वगळा. पण जंतुसंसर्ग झालेल्या दाताचा उपचार, अगदी कॅपपर्यंत, वर्षाच्या मर्यादेबाहेर ठेवा. आणि ती मर्यादा पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, हप्त्याच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापा.