सार्वजनिक धोरणातील करिअरविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

'सार्वजनिक धोरणात काम करायचे तर बारावीला कला शाखाच हवी आणि यूपीएससीखेरीज मार्ग नाही', असा चुकीचा संदेश पालकांच्या गटांत फिरत आहे. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे आयोगाच्या अधिसूचनेतच नमूद असते. खासदारांसोबत संसदीय संशोधनाची संधी देणारी 'पीआरएस' या संशोधन संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप आणि राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप यांच्या पात्रता-अटींतही शाखेचे बंधन नाही. पदवी मात्र लागते, आणि मुख्यमंत्री फेलोशिपला किमान 60 टक्के गुण व वर्षभराचा अनुभवही. पाणी आणि आरोग्याच्या धोरणांना विज्ञान शिकलेली माणसे हवीच आहेत. प्रवेशाच्या दिवसांत मुले असे संदेश वाचून शाखा बदलतात, म्हणून तो कृपया पुढे पाठवू नये.