लेस किती आणू?

शाळेतली वर्तुळं फार समजूतदार होती. विहीर असो, बाग असो की बैलगाडीचं चाक, व्यास ७, १४ नाहीतर २१. परीघ काढताना वरच्या व्यासाशी २२/७ मधला खालचा सात निमूट कटायचा. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे संस्कार झालेले नाहीत. त्याचा व्यास ४५ इंच, आणि त्यावरच्या कापडाला बायकोला लेस हवी.

"टेबलाभोवती टेप फिरवा की, त्यात काय एवढं!" सासूबाई म्हणाल्या. पण लेस टेबलाला नाही, कापडाच्या काठाला लागणार, आणि कापड अजून कापलेलंच नव्हतं. म्हणजे हवेतल्या वर्तुळाचा परीघ काढायचा. काठ चहूबाजूंनी ८ इंच लोंबणार, म्हणून व्यास ६१. (८ एकदाच मिळवणारे लोक असतात, त्यांची लेस हमखास कमी पडते.) २२ ने गुणून ७ ने भागलं, १९१.७ इंच आले. तेवढ्यात बायको म्हणाली, "अजून दोनच इंच खाली येऊ दे ना." दोनच इंच! त्या दोन इंचांपायी लेस साडेबारा इंचांनी वाढते, हे तिला सांगून पाहिलं. तिने टेप गुंडाळून ठेवली.

आता मला २२/७ चाच संशय यायला लागला. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, तोही जवळपासचा म्हणून. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० सांगितलं. २२/७ ढोबळ, पण व्यवहाराला चालेल म्हणाले. लेस हा व्यवहार की सूक्ष्म काम? व्यास आता ६५ धरून दोन्ही रीतींनी गणित केलं. फरक आला २ मिलिमीटर. ५ मीटर १९ सेंटिमीटर असं चिठ्ठीवर लिहून बाजार गाठला.

"कापून नाही मिळत. ९ मीटरचं बंडल येतं," दुकानदार म्हणाला. "सपाट लावणार की चुण्या घालून?"

फोन लावला. "सपाट? पडद्याच्या दुकानातलं टेबल आहे का ते?" पलीकडून आवाज आला.

"चुण्यांना दुप्पट लागते साहेब. दोन बंडलं देऊ?"

"दीडपटीत भागत असेल तर एकात होईल."

"भागेल, पण चुण्या गरीब दिसतील."

दोन बंडलं बांधून घेतली. पैसे परत देताना तो म्हणाला, "शिवताना कापड थोडं आक्रसतं हां. कापताना थोडं जास्त धरा."

"थोडं म्हणजे किती?" मी पेन काढलं.

"म्हणजे थोडं."